बर कुणाचा?

कारखान्यातलं कुठलंही ड्रॉइंग घ्या. व्यास किती, तो किती मायक्रॉन इकडेतिकडे झाला तर चालेल, भोक कुठल्या कडेपासून किती अंतरावर, पृष्ठभाग किती गुळगुळीत, धातू कुठला, त्याला पाणी किती द्यायचं, सगळं त्यावर असतं. ड्रॉइंग काढणारा एसीत बसलेला असतो आणि त्याने सगळ्याचा विचार केलेला असतो. एकच गोष्ट त्याने काढलेली नसते, आणि नेमकी तीच प्रत्येक जॉबवर न चुकता येते. ती म्हणजे बर.

धातू कापला, तासला, भोकसला की कडेला जी पातळ, खरबरीत पाळ उरते तिला बर म्हणतात. ज्यांचा कारखान्याशी संबंध आला नाही त्यांनीही तो अनुभवलेला असतो. घरी भोकंभोकंवाल्या लोखंडी अँगलचा रॅक जोडायला बसलेल्या माणसाच्या बोटातून जे रक्त येतं, ते बराने काढलेलं असतं. घरातली माणसं मात्र ‘तुला साधा रॅक जोडता येत नाही’ असं म्हणतात.

ड्रॉइंग काढणाऱ्याला बर माहीतच नसतो असं नाही. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरांत टीपा असतात, त्यात कुठेतरी एक ओळ असते: ‘रिमूव्ह ऑल बर्स अँड ब्रेक शार्प एजेस.’ ही ओळ ज्याने पहिल्यांदा लिहिली तो मोठा मुत्सद्दी असला पाहिजे. बर किती काढायचे? ऑल. कशाने काढायचे? ते तुम्ही बघा. कडा किती मोडायच्या? मोडायच्या. शाफ्टचा व्यास मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्यापर्यंत ठणकावून सांगणारा माणूस कडेपाशी आला की एकदम अध्यात्माकडे वळतो. शिवाय ही ओळ कुणी लिहीत नाही, ती आधीच्या ड्रॉइंगवरून येते, आणि त्यावर त्याच्या आधीच्या. आमच्याकडे रबराच्या वॉशरच्या ड्रॉइंगवरही ती होती.

जगातल्या शहाण्या माणसांना हे खटकलं आणि त्यांनी आयएसओ 13715 नावाचं मानक काढलं. कडेसाठी एक चिन्ह, त्याच्याशेजारी अधिक किंवा उणे, आणि आकडा. बाहेरच्या कडेवर अधिक असेल तर तेवढा बर चालेल. उणे असेल तर बर अजिबात नको, उलट कडेचा तेवढा धातू गेला तरी हरकत नाही. भांडणाला जागाच नाही. मात्र असं चिन्ह असलेलं ड्रॉइंग भोसरीच्या एखाद्या छोट्या शेडमध्ये आलं की दोघं-तिघं त्याच्यासमोर मान तिरकी करून उभे राहतात, आणि त्यांतला अनुभवी माणूस म्हणतो, “वेल्डिंगचं असंल.” मग खालची ती ओळ शोधली जाते. ती सापडली की सगळ्यांना हायसं वाटतं.

बर का येतो, याबद्दल कारखान्यात एकच सिद्धान्त सर्वमान्य आहे: थर्ड शिफ्टवाल्यांमुळे. थर्ड शिफ्टला विचारलं तर सेकंड शिफ्टमुळे. धातूची बाजू कुणी ऐकून घेत नाही. धातू कापला जाण्याआधी दबतो, आणि टूलची धार गेलेली असेल तर बोथट सुरीखालच्या पिकल्या टोमॅटोसारखा आधी चेपतो, बाजूला फुगतो आणि मगच फाटतो. ड्रिल जॉबच्या पलीकडे बाहेर पडायला येतं तेव्हा शेवटच्या पातळ थराला मागून आधार नसतो. तो थर कापून घ्यायच्या ऐवजी नुसता पुढे वाकतो. म्हणून ड्रिल शिरतं त्या बाजूला बर थोडा आणि बाहेर पडतं त्या बाजूला जास्त. इन्स्पेक्टर नेमका जॉबची वरची बाजू बघून शिक्का मारतो.

1976 मध्ये गिलेस्पी आणि ब्लॉटर या दोन अमेरिकन संशोधकांनी बराच्या जाती लावल्या. चार. टूलच्या दाबाने धातू बाजूला फुगतो तो पहिला. चिप, म्हणजे धातूचा सुटणारा कीस, कापली न जाता कडेवरून वळते तो दुसरा. चिप फाटून निघते तो तिसरा. आणि बारमधून जॉब पूर्ण कापून व्हायच्या आत स्वतःच्या वजनाने गळून पडतो आणि मधोमध एक टोक ठेवून जातो, तो चौथा. त्यातल्या पहिल्याला त्यांनी प्वासाँचं नाव दिलं. प्वासाँ हे 1781 साली जन्मलेले फ्रेंच गणिती. एका दिशेने दाबलं की पदार्थ दुसऱ्या दिशेने फुगतो, ही गोष्ट त्यांच्या नावावर आहे. एवढं गणित करून शेवटी माणसाचं नाव कशाला चिकटावं, तर बराला. गिलेस्पींनी पुढे बर आणि तो काढण्याच्या पद्धती यांवर पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली. ज्या विषयावर ड्रॉइंगमध्ये एक ओळ असते, त्यावर एका माणसाने जन्म काढला.

धातूंचेही स्वभाव असतात. कोल्हापूरकडचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, मोकळ्या मनाचं. त्याचे तुकडे सुटे होऊन पडतात, बर फारसा धरत नाही, उलट कडेचा टवकाच उडतो. अॅल्युमिनिअम, तांबं, स्टेनलेस ही चिवट मंडळी. कापलं तरी सोडत नाहीत.

आता बर आहे की नाही हे कसं ठरवायचं? ज्या मशिनवर जॉब झाला ते लाखोंचं. जॉब मोजायचं सीएमएम त्याहून महाग, त्याच्यासाठी वेगळी थंड खोली, बाहेर चपला काढायच्या. आणि बर आहे की नाही हे ठरतं इन्स्पेक्टरच्या अंगठ्याच्या नखाने. नख कडेवरून ओढायचं, अडकलं तर रिजेक्ट. कॅलिब्रेशनच्या स्टिकरशिवाय शॉपवर फूटपट्टीसुद्धा वापरता येत नाही, पण नखाला स्टिकर नाही. आमच्या खात्यातले एक ज्येष्ठ इन्स्पेक्टर उजव्या अंगठ्याचं नख राखून असत आणि ते कापलं त्या आठवड्यात मटेरियल जरा सढळ हाताने पास होई. भोकाच्या आतल्या कडेला नख पोचत नाही. तिथे कापसाचा बोळा काडीला लावून फिरवतात आणि तंतू अडकले का ते बघतात. ही पद्धत चांगली आहे. फक्त ते तंतू नंतर भोकातच राहतात.

त्यात सेफ्टीवाल्यांचं आणि क्वालिटीवाल्यांचं कधी पटत नाही. सेफ्टीवाला म्हणतो, बर हाताला लागतो, हातमोजे घाला. क्वालिटीवाला म्हणतो, हातमोजे घातले तर बर कळणार कसा? फिरत्या स्पिंडलपाशी मोजे घालायचे नाहीत, हा पुन्हा सेफ्टीवाल्यांचाच नियम. तोडगा असा निघाला होता की तपासायच्या हातात मोजा नको आणि धरायच्या हातात पाहिजे. एका मोज्याची जोडी कोणी विकत नाही, त्यामुळे स्टोअरमध्ये उजव्या हाताच्या मोज्यांचा ढीग झाला.

बर नुसता बोटं कापतो असं नाही, तो खोटी साक्षही देतो. भोक मापात आहे, पण ते तपासायचं गो-गेज आत जात नाही. क्यूसी म्हणतं भोक लहान आहे, प्रॉडक्शन म्हणतं तुमचं गेज मोठं आहे. बोअर गेजने मोजलं की माप बरोबर येतं. मग दोन्ही पक्ष दोन्ही आकडे घेऊन मॅनेजरकडे जातात. मॅनेजर म्हणतात, कस्टमरला विचारा. अशा वेळी कोणीतरी मामा येतात. प्रत्येक शॉपवर एक मामा असतात, हुद्दा काही का असेना. ते भोकाच्या तोंडाशी ब्लेड एकदा गोल फिरवतात, गेज आपल्या वजनाने आत उतरतं, आणि मामा काही न बोलता चहाला जातात. मिनिट्स ऑफ मीटिंगमध्ये मामांचं नाव येत नाही.

याहून वाईट म्हणजे बसायच्या जागेवरचा बर. फिक्श्चरवर जॉब जिथे टेकतो तिथे मिलिमीटरच्या पाच शतांशाएवढा बर राहिला, तरी जॉब तेवढा तिरका बसतो आणि वरची सगळी मापं वाकडी येतात. मशिन अचूक, प्रोग्रॅम अचूक, जॉब वाकडा. मग स्पिंडलवर संशय, बेअरिंगवर संशय, हवामानावर संशय. मशिन कंपनीचा सर्व्हिस इंजिनीअर बेंगळुरूहून विमानाने येतो, लेझर लावून मशिन तपासतो आणि मशिन उत्तम असल्याचं प्रमाणपत्र देऊन जातो. तो गेल्यावर मामा फिक्श्चरवरून आणि जॉबच्या तळावरून ऑइलस्टोन फिरवतात.

बर कुणी काढायचा हा मात्र खरा वादाचा मुद्दा. टर्निंगवाला म्हणतो, पुढे ड्रिलिंग आहे, तिथे निघेल. ड्रिलिंगवाल्याला वाटतं रीमिंगला जाईलच. आडव्या-उभ्या भोकांच्या जॉबमध्ये तर बर स्वतःच फिरत राहतो. हायड्रॉलिक व्हॉल्व्हची बॉडी घ्या. मुख्य बोअर झाला. त्याला छेदणारं आडवं भोक मारलं, बर बोअरमध्ये आला. बोअरमधून रीमर फिरवला, बर आडव्या भोकात ढकलला गेला. आडव्या भोकात पुन्हा ड्रिल घातलं, बर परत बोअरमध्ये. तांत्रिकदृष्ट्या दर वेळी बर काढलेला असतो. ज्याने काढला तो सही करून मोकळा होतो.

त्या बॉडीच्या आत जो स्पूल सरकतो त्याची गोष्ट तर आणखी नाजूक. स्पूल आणि बोअर यांच्यात फट असते अवघी काही मायक्रॉन. तिथे बराचा सुटलेला कण गेला तर स्पूल अडकतो. म्हणून बर नको. पण स्पूलच्या कडेची धारही जायला नको, कारण तेल कधी सोडायचं आणि कधी अडवायचं ते त्याच कडेवर ठरतं. म्हणजे बर काढ, पण कड मोडू नकोस. आणि खाली कोपऱ्यात ती पिढीजात ओळ: ब्रेक शार्प एजेस. नवा हेल्पर आज्ञाधारक असतो. तो सगळ्या कडा प्रेमाने गोल करून देतो. हात फिरवला की काय सुंदर लागतो तो स्पूल! व्हॉल्व्ह मात्र गळतो.

कस्टमरकडून बराची तक्रार आली की एट-डी रिपोर्ट भरायचा असतो. त्यात पाच वेळा ‘का?’ असं विचारून मुळाशी जायचं असतं. बर का राहिला? काढला नाही म्हणून. का काढला नाही? ऑपरेटरच्या लक्षात आलं नाही. का नाही आलं? पुढे तिसऱ्या आणि चौथ्या ‘का’ला शब्द बदलून तेच लिहितात आणि पाचव्याला ‘प्रशिक्षणाचा अभाव’ येतो. उपाय: ऑपरेटरला समज दिली, मशिनवर फोटो लावला, शंभर टक्के तपासणी सुरू केली. टूल किती जॉबनंतर बदलतो हा प्रश्न त्या पाचांत कधी बसत नाही. पुढची तक्रार आली की जुनी फाइल उघडून तारीख बदलायची. त्या तारखांच्या मधल्या काळात समज मिळालेल्या ऑपरेटरांपैकी दोघं सुपरवायझर झालेले असतात आणि आता ते समज देतात.

काढायच्या पद्धती मात्र माणसाने काय एकेक शोधल्यात! कानस, पॉलिशपेपर आणि फिरत्या पात्याचं ते छोटं हत्यार, इथवर ठीक. त्यापुढे व्हायब्रो. मोठ्या थरथरत्या कढईत जॉब, सिरॅमिकचे दगड, साबणपाणी घालायचं आणि तासभर घुसळत ठेवायचं. आवाज असा की शेजारच्या शेडवाले लेखी अर्ज देतात. बर निघतो हे खरं. पण भोकाच्या आतला बर जावा म्हणून दगड बारीक निवडले की ते बेताने भोकात जातात आणि तिथेच बसतात. मग ते ठोकून काढायला वेगळा माणूस. राउट कार्डावर, म्हणजे जॉबच्या कामांच्या यादीत, ‘डिबरिंग’च्या खाली ‘दगड काढणे’ अशी ओळ हाताने लिहिलेली मी स्वतः पाहिली आहे.

मिठाच्या द्रावणातून वीज सोडून फक्त बर विरघळवायची एक पद्धत आहे, लुकणासारख्या घट्ट पदार्थात खरखरीत कण घालून तो भोकातून दाबाने ढकलायची दुसरी आहे. पण माझी आवडती पद्धत म्हणजे स्फोट. खरंच स्फोट. जॉब जाड पोलादी पेटीत बंद करायचे, आत हायड्रोजन किंवा नैसर्गिक वायू आणि ऑक्सिजन दाबाने भरायचा आणि ठिणगी द्यायची. काही मिलिसेकंदांपुरतं आतलं तापमान अडीच-तीन हजार अंश सेल्सिअसपर्यंत जातं. बर पातळ, त्याला उष्णता पुढे ढकलायला जागा नाही, तो ऑक्सिजनमध्ये जळून जातो. जॉबला काही कळायच्या आत सगळं संपलेलं असतं, तो फक्त गरम होऊन बाहेर येतो. केसाएवढ्या पापुद्र्यासाठी बाँब लावायची ही कल्पना पहिल्यांदा मीटिंगमध्ये मांडणाऱ्याच्या धैर्याला नमस्कार. आमच्याकडे सेफ्टीवाल्यांनी माहितीपत्रकाचं पहिलंच पान वाचलं आणि विषय संपला.

बर येऊच नये म्हणून काय करावं, हेही सगळ्यांना तोंडपाठ आहे. टूल धारदार ठेवा. ड्रिल बाहेर पडताना फीड कमी करा, मागे आधाराची पट्टी द्या. प्रेस शॉपमध्ये पंच आणि डाय यांच्यातली फट पत्र्याच्या जाडीच्या हिशेबात ठेवा, साध्या पोलादाला एका बाजूला साधारण पाच ते दहा टक्के, आणि पंचाची धार गेली की त्याला ग्राइंडिंगला पाठवा. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड डॉर्नफेल्ड आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मिलिंग कटरचा रस्ताच असा आखायचा अभ्यास केला, की तो शक्य तिथे कडेवरून बाहेरच पडू नये. थोडक्यात, बर पूर्ण टळत नाही, पण तो कुठे आणि केवढा येऊ द्यायचा हे आपल्या हातात असतं.

मग कुणी करत का नाही? कारण इन्सर्ट, म्हणजे टूलचं बदलायचं टोक, डोळ्यांना दिसतो. खरेदीच्या रजिस्टरमध्ये त्याची ओळ असते, रक्कम असते, मालकांची सही असते. “अजून चालतंय की!” हे वाक्य आमच्या एमआयडीसीत जितक्या बोथट टूलांबद्दल बोललं गेलं आहे तितकं जुन्या स्कूटरांबद्दलही बोललं गेलं नसेल. आणि त्या बोथट टूलाने केलेले बर शॉपच्या टोकाला पॅकिंगजवळच्या टेबलावर बसलेल्या चार ताया दिवसभर काढत असतात, त्यांचा खर्च ‘इतर’ या सदरात जातो. त्या टेबलाचा सायकल टाइम कोणी लावलेला नसतो. लेआउटच्या नकाशावरही ते टेबल नसतं, कस्टमरचं ऑडिट असलं की ते कँटीनच्या मागे सरकवतात. एकदा एका ऑडिटरने जेवणानंतर हात धुवायला जाताना ते पाहिलं आणि विचारलं, “हे काय?” आमचे साहेब म्हणाले, “ट्रेनिंग सेंटर.”

खरं तर बर काढायला ड्रॉइंग लागत नाही, की टीपही लागत नाही. पदपथावरचा चावीवाला बघा. चावी कापून झाली की तो ती तारेच्या चाकाला उलटसुलट लावतो, अंगठा फिरवतो आणि हातात देतो. त्याला माहीत असतं की बर कुलपात अडकला तर गिऱ्हाईक दहा मिनिटांत परत येणार आहे. आमचं गिऱ्हाईक तीन महिन्यांनी परत येतं, तेही ई-मेलने.

आणि बराला चांगले दिवसही आलेले आहेत, हे नमूद करायला हवं. चाकूला धार लावणारा बर आल्याशिवाय दगड सोडत नाही. पात्याच्या एका बाजूला बर हाताला लागला की दुसऱ्या बाजूचं घासणं धारेपर्यंत पोचलं असं तो समजतो, आणि मग तो बर चामड्यावर उतरवतो. चित्रकारांनी तर कहर केला. तांब्याच्या पत्र्यावर सुईने सरळ ओरखडा काढला की त्याच्या कडेला बर उभा राहतो, त्यात शाई धरून राहते आणि कागदावर रेघ मखमली उमटते. रेम्ब्राँटने 1653 मध्ये ‘थ्री क्रॉसेस’ हे चित्र याच पद्धतीने केलं. छापता छापता बर दबून जातो, म्हणून ज्या प्रतींत बर शाबूत आहे अशा सुरुवातीच्या प्रतींना संग्राहक जास्त मान देतात. हे मी आमच्या साहेबांना उत्साहाने सांगितलं. त्यांनी विचारलं, “मग त्यांचं रिजेक्शन किती होतं?”

अलीकडे आमच्या ओळखीच्या एका कारखान्यात बर काढायला रोबो आला. नारळ फुटला, पेढे वाटले. रोबोला कड कुठे आहे ते अचूक कळतं, अडचण एवढीच की बर केवढा आहे ते त्याला सांगावं लागतं. नवा इन्सर्ट असतो तेव्हा बर बारीक, शेवटी शेवटी जाड. रोबो दोघांवरून एकाच मायेने फिरतो. म्हणून मग त्याचं स्पिंडल हवेच्या दाबावर जरा लवचीक बसवलं, म्हणजे जाड बर लागला तर ते थोडं मागे हटेल. तेव्हा ते जाड बरापाशी इतकं सौजन्याने मागे हटू लागलं, की बर तसाच राहिला. शेवटी रोबोच्या पिंजऱ्याबाहेर टेबल टाकलं आणि त्यांच्याकडच्या बर काढणाऱ्या तायांतल्या सगळ्यांत जुन्या ताईंना तिथे तपासायला बसवलं. राउट कार्डावर रोबो ऑपरेशन क्रमांक ऐंशी आहे, ताई अजून ‘इतर’मध्येच आहेत. मालक पाहुण्यांना घेऊन आले, रोबोची किंमत सांगितली, त्याच्या हाताचे सहा सांधे दाखवले आणि म्हणाले, “काय ताई, आता याला काय कमी आहे?”

ताईंनी एक जॉब उचलला, कडेवरून अंगठा ओढला, लाल क्रेटमध्ये टाकला आणि म्हणाल्या, “नख.”